उकिडव्यांची छाया

कल जाहीर झाला तेव्हा रेवती खांबेटेने बिस्किट नुकतंच चहात बुडवलं होतं. ते वर काढायचं ती विसरली. समोरच्या पडद्यावर देशातल्या सगळ्या कर्जफंडांची नावं सरकत होती, आणि 'सह्यसेतू क्रेडिट' या नावापुढे आकडा होता अकरा.

"अकरा?" परेश झवेरी खुर्चीतून अर्धवट उठला. "शंभरात अकरा? रेवतीबेन, दहावीला संस्कृतात मला यापेक्षा जास्त होते. आणि तेव्हा मी नापास झालो होतो."

कुणी हसलं नाही. परेश स्वतःही नाही.

आता हा अकरा म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. बँक ज्याला दारातून परत पाठवते तो प्रत्येक उद्योग बुडीतच असतो असं नाही. कधी त्याची यंत्रं इतकी निराळी असतात की तारण म्हणून बँकेला त्यांचं मोलच कळत नाही. कधी मालक पहिल्या पिढीचा असतो, त्याच्या मागे कुणाचं नाव नसतं. अशांना कर्ज देणारे खासगी फंड असतात. पण फंडाचाही पैसा स्वतःचा नसतो. पेन्शन ट्रस्ट, विमा कंपन्या, पैसेवाली घराणी यांच्याकडून तो ठरावीक काळाने उभा करावा लागतो. सह्यसेतूत परेश मालक होता, आणि पैसा उभा करायचं काम रेवतीचं. वीस वर्षं तिने ते माणसांच्या ओळखीवर केलं होतं. कुणाची मुलगी परदेशी आहे, कुणाला कॉफी चालत नाही, कुणासमोर आकडे आधी ठेवायचे आणि कुणासमोर माणसं आधी, हे सगळं तिला पाठ होतं.

पूर्वी वर्ष संपलं की कुणी किती पैसा उभा केला त्याचा अहवाल यायचा. त्याला बाजारात 'कल' म्हणत. कल नेहमी मागे वळून बघायचा. मग अनुमान लॅब्स नावाच्या कंपनीने त्याचं तोंड पुढे फिरवलं. पैसा द्यायचा की नाही हे देशात मोजून काही शेकडा माणसं ठरवतात. त्या प्रत्येकाची भाषणं, बैठकांची ध्वनिमुद्रणं, आजवरचे होकार-नकार हे सगळं शिकवून अनुमानने प्रत्येकाची एकेक छाया तयार केली. छाया म्हणजे त्या माणसासारखं बोलणारं, त्याच्यासारखं घुटमळणारं, त्याच्यासारखंच नाही म्हणणारं यंत्रातलं मन. या सगळ्या छाया एका आभासी बाजारात सोडायच्या, येणारं वर्ष त्यांच्याकडून हजारो वेळा जगून घ्यायचं, आणि त्यातल्या किती वर्षांत अमुक फंडाला पैसा मिळाला ते मोजायचं. तो आकडा म्हणजे कलांक. सह्यसेतूच्या दर शंभर आभासी वर्षांपैकी एकोणनव्वद वर्षं रिकामी गेली होती.

पहिल्या वर्षी हा अंदाज बऱ्यापैकी खरा ठरला. दुसऱ्या वर्षी जास्त, तिसऱ्या वर्षी जवळजवळ तंतोतंत. तेव्हापासून दरवर्षीचा ओघ एकच झाला होता. एकूण पैसा वाढत होता आणि घेणारे हात कमी होत होते. वरचे दहा-बारा मोठे फंड निम्म्याहून अधिक रक्कम घेऊन जात, आणि सह्यसेतूसारख्या लहानांना जी उभारणी पूर्वी वर्षभरात व्हायची तिला दोन-दोन वर्षं लागत, नाहीतर व्हायचीच नाही.

दुपारी जयसिंगपूरहून अस्लम मुजावरांचा फोन आला. डायलिसिसच्या गाळण्या बनवणारा त्यांचा कारखाना. पहिलं कर्ज सह्यसेतूचंच होतं, हप्ते वेळेवर येत होते. दुसऱ्या टप्प्याचं कर्ज नव्या फंडातून देऊ, असा शब्द रेवतीने दिला होता. त्या शब्दावर मुजावरांनी शेड उभारली, माणसं घेतली, आणि परदेशातून मागवलेलं यंत्र बंदरात येऊन पडलं होतं.

"म्याडम, ते अकरा का काय आलंय म्हणं. आमच्या सीएनं सांगितलं."

"हो मुजावरसाहेब. अंदाज आहे तो."

"अंदाजच की. पण पोरं विचारायलीत, शेडवर पत्रा घालायचा का ठेवायचा? मी काय सांगू?"

"घाला पत्रा," रेवती म्हणाली. एप्रिल संपायच्या आत एक मोठा गुंतवणूकदार उभा राहिला नाही, तर परेश फंड गुंडाळणार होता. तसं त्याने सकाळीच स्वच्छ सांगितलं होतं. मग पत्रा, शेड, ती नवी माणसं, सगळं तिच्या एका शब्दावर लटकलेलं राहणार होतं.

असा एकच गुंतवणूकदार तिच्या डोळ्यांसमोर होता: शाळांमधले शिपाई, कारकून, प्रयोगशाळा सहायक यांचा शिक्षकेतर सेवक पेन्शन ट्रस्ट. तिथे पाच विश्वस्त होते, आणि त्या पाचांत ज्यांच्या शब्दाला वजन होतं ते श्रीनिवास उकिडवे. रेवती त्यांना काका म्हणायची. सहकारी बँकेत ती उमेदवारी करत होती तेव्हा ते तिचे पहिले साहेब. ताळेबंद कसा वाचायचा हे त्यांनी शिकवलं, आणि लग्न मोडून ती पुण्यात एकटी राहायला लागली तेव्हा डबा पाठवायचं काम त्यांच्या सुशीलाकाकूंनी केलं. काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या.

तरी रेवती दोन वर्षांत काकांकडे गेली नव्हती. कारण होतं. ते कारण तिच्या लॅपटॉपमध्ये होतं.

अनुमानची एक सोय होती. आपल्याकडचे निरोप आणि संभाषणं दिली की एखाद्या माणसाची आपल्यापुरती, जास्त बारीक छाया करून मिळायची. सगळेच फंड ती वापरत. खऱ्या माणसाकडे जाण्याआधी छायेवर तालीम करायची, सुरावट कुठे चुकते ते बघायचं. रेवतीने काकांचे वीस वर्षांचे निरोप एका झटक्यात तिच्यात ओतले होते. कोणते वगळायचे, कोणते ठेवायचे, हे तिने बघितलंच नाही.

ऑफिसच्या काचेच्या खोलीत शिरून तिने कानाला यंत्र लावलं.

"काका, नव्या फंडाबद्दल बोलायचं होतं."

"बोल की." आधी घसा खाकरणं, मग शब्द, अगदी तसंच. "पण मला सांग, जुन्या फंडाचं कर्ज नव्या फंडाच्या पैशाने फेडून घ्यायचा डाव नाही कशावरून?"

तिने समजावलं. जुनं कर्ज हप्त्याहप्त्याने फिटतंय, हे नवं यंत्रासाठी आहे.

"हं. आणि कारखाना एकाच मालावर उभा आहे, त्याचं काय?"

तिने तेही सांगितलं.

"बरं बरं. विचार करून कळवतो." पडद्यावर निकाल उमटला: नकार. खात्री भरघोस.

तिने आकडे आधी ठेवून पाहिले, माणसं आधी ठेवून पाहिली. प्रत्येक वेळी आक्षेप, मग 'विचार करून कळवतो', मग नकार. शेवटी तिचा धीर सुटला. "काका, माझी अगदी गळचेपी झालीय हो."

छायेने घसा खाकरला. "सुशीला असती तर म्हणाली असती, पोरीला रिकाम्या हाताने पाठवू नका. पण सुशीला नाही ना गं आता."

रेवतीने कानातलं यंत्र उपटून काढलं. काकूंच्या आजारपणात पहाटे पहाटे आलेले काकांचे ते निरोप... तेही तिने यात घातले होते. काचेपलीकडून परेशने खुणेने विचारलं, काय झालं? तिने मान हलवली: नाही.

पाडव्यानंतर पेठेतल्या राममंदिरात नऊ दिवस कीर्तनं असतात. काका तिथे पुढच्या रांगेत झांजा घेऊन बसतात हे रेवतीला माहीत होतं. यंत्राला विचारून भीतीच वाढत होती, म्हणून असेल किंवा रामरायाच्याच मनात असेल, पण एका संध्याकाळी ती तिथे जाऊन बायकांच्या बाजूला भिंतीला टेकून बसली.

कीर्तनकार ताई सांगलीकडच्या होत्या. नऊवारी, कपाळावर बुक्का, हातात चिपळ्या, आणि आवाज असा की शेवटच्या माणसालाही वाटावं, माझ्याशीच बोलतायत. पूर्वरंगात त्यांनी एक व्यापारी उभा केला. देवबीव न मानणारा, बोलायला तिखट. त्या स्वतःच तो व्यापारी झाल्या, कमरेवर हात ठेवून.

"नाम घेता ना? घ्या! नाम घेणाऱ्याचे केस पिकतात, न घेणाऱ्याचेही पिकतात. नाम घेणाऱ्याचं पोर तापाने फणफणतं, न घेणाऱ्याचंही फणफणतं. मग फरक काय पडला? दाखवा की! नुसती टाळ्यांची हौस!"

एकेक आक्षेप असा चढत गेला की रेवतीशेजारच्या आजीबाई कुजबुजल्या, "अगबाई, हे तर खरंच वाटायला लागलं!"

रेवतीने काकांकडे पाहिलं, आणि बघतच राहिली. त्यांचा चेहरा फुलला होता. व्यापाऱ्याच्या प्रत्येक टोमण्याला ते मान डोलावत होते, मांडीवर थाप देत होते. एक आक्षेप तर इतका बिनतोड होता की ते मोठ्याने "वा!" म्हणाले. जन्मभर रामाचं नाव घेणारा माणूस नास्तिकाला दाद देत होता.

ताई थांबल्या. चिपळ्या खाली घेतल्या. "घाई नको हं. प्रश्न पोटात जाऊ दे आधी. समोरच्याची बाजू लुळी मांडायची आणि मग स्वतःची पाठ थोपटायची, ही माझ्या गुरूंची शिकवण नाही." आणि मग हलक्या आवाजात, जवळजवळ बोलल्यासारखं गात, त्यांनी उत्तर दिलं. नाम हे औषध नव्हे, नाम सोबत आहे. औषधाला विचारतात, गुण आला का? सोबतीला कुणी असं विचारत नाही. तापाने फणफणलेल्या पोराच्या उशाशी बसलेल्या आईला विचारून बघा, एकटी बसणं आणि कुणीतरी बरोबर असणं यात फरक काय. पेटीने सूर धरला, झांजा वाजल्या. काकांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्याच काकांनी घटकेपूर्वी व्यापाऱ्याला दाद दिली होती.

रेवतीच्या मनात काहीतरी लख्ख हललं.

आरती झाली, द्रोणातून डाळखोबरं वाटलं गेलं. मंदिराच्या पायरीवर काकांनी तिला ओळखलं.

"कोण, रेवती? वाट चुकलीस का बाई? दोन वर्षांनी तोंड दाखवतेयस."

"तुम्ही दोनदा नाही म्हणालात ना काका."

"मी? कधी?"

"गेल्या वर्षी फोनवर. त्याच्या आधीच्या वर्षी पण. एकामागून एक आक्षेप घेतलेत."

"घेतले की! आणि तू 'बरं काका, समजलं' म्हणून फोन ठेवलास. मी इकडे कमिटीत तुझ्या बाजूने बोलायची तयारी करून बसलेला, तर प्रस्तावच आला नाही." त्यांनी डाळ तोंडात टाकली. "आक्षेप म्हणजे नकार? माझ्या हाताखाली शिकलीस ना तू? बँकेत तुझ्या प्रत्येक कर्जप्रकरणाला मी नाही म्हणायचो आणि तू हट्टाने उत्तरं आणायचीस. मग सही करायचो. ज्यावर मला सही करायची असते त्यालाच मी जास्त छळतो."

रेवतीने हातातला द्रोण पायरीवर ठेवला.

"हल्ली सगळेच पळतात गं," काका हळू आवाजात म्हणाले. "मी तोंड उघडलं की 'थँक्यू सर' आणि फोन बंद. मला वाटायला लागलं होतं, म्हातारा कटकट्या झाला, कुणाला नकोसा झालाय. परवा कमिटी आहे. प्रस्ताव घेऊन ये. आणि पळू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने अनुमानच्या नोंदी उघडल्या. त्या कुणालाही बघता येत होत्या, फक्त कुणी बघत नव्हतं. काकांच्या नावापुढे नकारांची रांग होती. पण त्यातल्या बहुतेक प्रस्तावांवर मतदान झालंच नव्हतं. फंडवाल्यांनी ते मागे घेतले होते, आणि यंत्र माघारीला नकार समजत होतं. का मागे घेतले? कारण पहिला आक्षेप येताच छायेने सांगितलं, नकार पक्का. लोकांनी आवरतं घेतलं. ती माघार पुन्हा छायेला शिकवली गेली, आणि पुढच्या वर्षी छाया आणखी खात्रीने नाही म्हणायला लागली.

लष्करी मुंग्या आंधळ्या असतात. पुढच्या मुंगीच्या वासामागे चालत राहायचं, एवढंच त्यांना कळतं. कधी रांगेचं तोंड चुकून तिच्याच शेपटाला लागतं आणि रिंगण तयार होतं. मग जितक्या मुंग्या फिरतात तितका वास गडद होतो, जितका वास गडद तितकी प्रत्येकीची वाटेवरची श्रद्धा पक्की, आणि फिरता फिरता त्या मरून पडतात. कल दरवर्षी जास्त खरा ठरत होता तो यंत्र शहाणं झालं म्हणून नव्हे. माणसं त्याच्या वासाला लागली होती. आणि रेवती त्या रांगेत होती. दोन वर्षं काकांना एकटं पाडणाऱ्यांत ती पहिली होती.

परेशला तिने सगळं सांगितलं. तो टेबलावर हात आपटून उभा राहिला.

"म्हणजे म्हातारा आपला आहे! रेवतीबेन, झालं की काम! जा, उत्तरं दे, पैसे घेऊन ये."

"आधी त्यांना छायेबद्दल सांगावं लागेल."

परेश बसला. "कशाला?"

"ते जे विचारणार ते मी त्यांच्याच छायेकडून आधी ऐकलंय. फुटलेला पेपर घेऊन परीक्षेला बसल्यासारखं आहे हे."

"सगळे बसतात!"

"आणि काकूंचं बोलणं आहे त्यात."

परेशने खुर्ची तिच्या जवळ ओढली. माणूस वाईट नव्हता. "हे बघ. सांगितलंस तर तो मत देणार नाही. अर्जदाराशी खासगी मामला निघाला की नियमाने देताच येत नाही. मग राहिले चार, आणि ते चौघे अकरा आकड्याकडे बघून हात खाली ठेवतील. जयसिंगपूरला काय सांगशील? पत्रा काढा?"

रेवतीने प्रस्तावाची फाईल उचलली.

ट्रस्टची कचेरी एका जुन्या शाळेच्या मागच्या इमारतीत होती. बैठकीआधी काका व्हरांड्यात उभे होते, इस्त्रीचा सदरा, हातात छत्रीसारखी धरलेली कागदांची गुंडाळी. तिला बघून त्यांचे डोळे हसले. तेवढ्यात मुजावरांचा निरोप तिच्या फोनवर आला: म्याडम, दुआ करतोय. तिने फोन पालथा धरला आणि काकांना एका दमात सांगून टाकलं. काय केलं, कशातून केलं, सगळं.

काकांचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं.

"म्हणजे माझ्याशी बोलायच्या आधी तू माझ्याशी बोललीस."

"हो."

"किती वेळा?"

"मोजलं नाही काका."

"सुशीलाच्या वेळचे... दवाखान्यातून मी पाठवलेले निरोप? ते पण?"

तिने मान खाली घातली. आत शिपायाने घंटा वाजवली. काका वळले आणि आत गेले.

अध्यक्ष लीलाताई भोसेकर निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी प्रस्ताव पुकारला, मागणी दोनशे कोटींची, कलांक अकरा. शेजारचे घोलप चष्मा पुसत म्हणाले, "अकरावर चर्चा तरी कशाला?"

काका उठले. "अध्यक्षबाई, या प्रस्तावावर मी मत देणार नाही. कारण व्यक्तिगत आहे. पण बाहेर जाण्याआधी तीन आक्षेप मांडायची परवानगी द्या. यातला एकही मी आजवर कुणापुढे मांडलेला नाही."

रेवतीकडे जी उत्तरं तयार होती त्यातलं एकही आता उपयोगाचं नव्हतं. ते मुद्दाम केलं होतं काकांनी. शिक्षा म्हणून की संधी म्हणून, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"पहिला. हा फंड या बाईंच्या ओळखींवर चालतो. उद्या यांनी नोकरी सोडली, आजारी पडल्या, तर कोणता कर्जदार घाबरलाय आणि कोणता खोटं बोलतोय हे ओळखणार कोण? दुसरा. जयसिंगपूरच्या गाळण्या घेणारी रुग्णालयं स्वतः उधारीवर चालतात. त्यांनी पैसे थकवले तर कारखाना किती महिने तग धरेल?" त्यांनी घसा खाकरला. खरं खाकरणं जास्त खरखरीत होतं, रेवतीला ते आत्ता जाणवलं. "तिसरा. जिच्या हाती एका माणसाने विश्वासाने दिलेलं सुरक्षित राहिलं नाही, तिच्या हाती हजारो शिपायांचं म्हातारपण का द्यावं?"

इथेच सगळे 'थँक्यू सर' म्हणत उठायचे. रेवतीचे पाय खरंच दाराकडे वळू बघत होते. तिने खुर्ची पुढे ओढली.

"पहिल्याचं उत्तर, तुम्ही म्हणता ते खरं आहे. माझ्यानंतर कोण, याची सोय आम्ही केलेली नाही. पैसे दिलेत तर अट घाला. प्रत्येक कर्जाच्या आढाव्याला तुमचा एक माणूस आमच्या शेजारी बसेल, कर्जदाराला भेटेल. दुसऱ्याचं उत्तर मला अर्धंच माहीत आहे. तीन महिने तग धरेल, एवढं मी पाहिलंय. त्यापुढचं मी तपासलेलं नाही. माहीत नाही."

घोलपांनी चष्मा घातला.

"आणि तिसऱ्याचं..." तिने काकांकडे पाहिलं. "मी उकिडवेसरांची छाया बनवली. त्यांच्या घरगुती निरोपांतून. त्यांना न विचारता. आजच त्यांना सांगितलं. एकट्या माझ्यावर विसंबू नका, म्हणून तर ती अट सांगितली. पण मुजावरांचा कारखाना माझ्यामुळे खोटा ठरत नाही. तो जाऊन बघा. मग ठरवा."

काकांनी ऐकून घेतलं. मान डोलावली नाही. दार ओढून घेऊन ते बाहेर गेले.

"आपल्या कुणाकुणाच्या छाया बाहेर फिरतायत देव जाणे," लीलाताई म्हणाल्या.

"माझी कोण बनवणार?" घोलप म्हणाले. "मी बैठकीत बोलतच नाही."

"म्हणूनच तुमचा अंदाज कुणाला येत नाही हो. बोला आता, हात वर की खाली?"

घोलपांचा हात वर गेला. त्यांच्यासकट दोन वर, एक खाली. लीलाताईंनी पडद्यावरच्या अकराकडे पाहिलं, मग रेवतीकडे. त्यांचा हातही वर आला. दोनशे नव्हे, नव्वद कोटी, आणि अटींसकट. फंडाचा पहिला टप्पा उभा राहायला एवढं पुरेसं होतं. मुजावरांचं यंत्र बंदरातून सुटणार होतं. नव्या फंडाकडे डोळे लावून बसलेल्या आणखी तीन कारखान्यांना मात्र या वर्षी नाही म्हणावं लागणार होतं.

व्हरांड्यात काका नव्हते.

बातमी अनुमानच्या यंत्रात गेली, आणि रेवती ऑफिसला पोचेपर्यंत कलांक अकराचा चव्वेचाळीस झाला होता. फोन वाजायला लागले. ज्यांनी वर्षभर तिचा फोन घेतला नव्हता ते आता आपणहून जेवायला बोलावत होते. परेश मिठाईची पेटी फोडत होता.

"बघ, रांग लागली!"

"हो," ती म्हणाली. "तीच रांग. फक्त तोंड आपल्याकडे वळलंय." चव्वेचाळीसने तिला अकरापेक्षा जास्त धास्ती वाटली. यातल्या एकानेही मुजावरांच्या गाळण्यांबद्दल काही विचारलं नव्हतं.

ती काचेच्या खोलीत गेली. काकांना तीन वेळा फोन लावला होता, घेतला नव्हता. लॅपटॉप उघडताच छाया जागी झाली. "बोल की," ती म्हणाली. तोच आवाज, आणि किती मायेचा.

रेवतीच्या ओठांवर प्रश्न आला. काका, मला क्षमा कराल? छाया काय म्हणेल ते तिला ठाऊक होतं. वीस वर्षांची माया त्यात साठवलेली होती. आधी थोडं रागावेल, मग घसा खाकरून म्हणेल, जाऊ दे गं पोरी. अगदी त्याच आवाजात. विचारण्याचा अवकाश होता. आणि एकदा ते ऐकलं की खऱ्या काकांच्या दाराशी जायचं धैर्य पुन्हा कधी होणार नाही, हेही तिला त्याच क्षणी कळलं.

"अगं, गप्प का?" छायेने विचारलं.

तिने विचारलं नाही. छाया पुसून टाकायची आज्ञा दिली. यंत्राने दोनदा विचारलं, नक्की? तिने दोनदा हो म्हटलं. खोली एकदम रिकामी वाटली. काकूंचाही आवाज त्यातून गेला होता, दुसऱ्यांदा.

मग तिने खरा नंबर पुन्हा लावला. घंटी वाजत राहिली. पलीकडे झांजा खाली ठेवून कुणी उठत असेल, की नाव बघून तोंड फिरवत असेल, सांगता येत नव्हतं. तो अंदाज आता जगात कुणाकडेच नव्हता. तिने डोळे मिटले, आणि फोन कानाला तसाच धरून ठेवला.